मेकॅनिक ‘हेड गेलंय’ म्हणाला, तरी आधी कॅप बघा

प्रश्न नाशिकच्या एका छायाचित्रकाराचा आहे. त्यांच्याकडे २०१४ साली घेतलेला एप्सन स्टायलस प्रो ३८८० हा फोटो छापायचा इंकजेट प्रिंटर आहे. घरात आजारपण आलं, त्यामुळे जून ते सप्टेंबर मशीन बंदच राहिलं. आता सुरू केलं तर नोझल चेकमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांतून (नोझल) प्रत्येक रंग येतोय का ते दाखवणाऱ्या चाचणीत, मॅट ब्लॅकचा (चमक नसलेल्या कागदाची काळी शाई) अर्धा भाग गायब आणि लाइट सायन (फिकट निळा) तुटक. त्यांनी शाई ओढून नोझल मोकळी करणारं मशीनचं क्लीनिंग सात-आठ वेळा केलं. सुधारणा तर नाहीच, उलट आधी नीट येणारी मजेंटाही तुटायला लागली. मेकॅनिकने ‘हेड गेलंय’ सांगितलं आणि नव्या मशीनच्या साधारण ४० टक्के खर्च काढला, तोही गॅरंटीशिवाय. जानेवारीत पुण्याला बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन आहे, कॉटन कागदावर ३० प्रिंट काढायच्या आहेत. दुरुस्त करू की नवीन घेऊ, एवढंच त्यांनी विचारलंय.

मी गेली वीसेक वर्षं चित्रकारांच्या आणि छायाचित्रकारांच्या आर्ट प्रिंट काढून देतो, त्यामुळे हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर माझ्यापुढे येतो. माझं पहिलं म्हणणं असं की तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकात एक अडकलेत. मशीनमध्ये नेमकं काय बिघडलंय, हा पहिला. तुम्ही वर्षभरात खरोखर किती छापता, हा दुसरा. आणि जानेवारीच्या भिंतीवर काय लागणार, हा तिसरा. पैशांचा हिशोब या तिन्हींच्या नंतर येतो. तुम्ही तो आधी मांडलात, कारण मेकॅनिकने आकडा आधी सांगितला.

पहिल्यापासून सुरू करू, कारण त्याचं अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय. सात-आठ क्लीनिंगनंतर आधी चांगला असलेला रंग बिघडला, हे वाक्य मी दोनदा वाचलं. नोझल वाळलेल्या शाईने चोक झालं असेल तर क्लीनिंगने ते थोडंफार उघडतं, नाहीतर आहे तसं राहतं. गॅप, म्हणजे चाचणीतल्या तुटलेल्या जागा, तिथेच दिसत राहतात. क्लीनिंग केल्यावर गॅप जागा बदलत असतील, नवे रंग तुटत असतील, तर हेडमध्ये हवा शिरतेय. ती शिरते कॅपमधून. मशीन बंद असताना हेड उजव्या टोकाला रबरी कडा असलेल्या एका कॅपवर बसतं. क्लीनिंगच्या वेळी खालचा पंप त्या कॅपमधून शाई ओढतो. कडेवर शाईची खपली किंवा कागदाचा तंतू बसला असेल तर कॅप हेडला नीट चिकटत नाही, आणि पंप शाईऐवजी फटीतून हवा ओढतो. मग प्रत्येक क्लीनिंग म्हणजे शाई वाया आणि वर हेडमध्ये हवा. म्हणून सगळ्यात आधी क्लीनिंग थांबवा. पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त शाई ओढणारं जोरदार क्लीनिंग, तर अजिबात नको.

तुम्ही कॉटन कागद वापरता, त्यामुळे माझा संशय आणखी पक्का होतो. ३०८ ग्रॅमचा फोटो रॅग हा कॉटन कागद कितीही चांगला असला तरी त्याच्या कडेला सुटा कापूस असतोच. माझ्याकडे प्रत्येक शीट मशीनमध्ये जाण्याआधी मऊ, रुंद ब्रशने झाडली जाते, छपाईची बाजू आणि चारही कडा. ज्यांच्याकडे ही सवय नाही, त्यांच्या मशीनची कॅप मी टॉर्च लावून बघितली आहे. रबराच्या कडेवर शाईत भिजून वाळलेल्या तंतूंची करडी-काळी वातच्या वात बसलेली असते. हेड त्याच्यावर चार महिने टेकून राहिलं, तर आत हवा जात राहते आणि शाई वाळते. लाइट सायन आणि मॅट ब्लॅक आधी जाण्याचं कारण मला यातच दिसतं. मॅट ब्लॅकमध्ये रंगकण जड असतात, ते लवकर खाली बसतात आणि लवकर घट्ट होतात.

आता ३८८० ची एक खास गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. या मशीनमध्ये कार्ट्रिज नऊ असतात, पण हेडमध्ये वाटा आठच, प्रत्येक वाटेला १८० नोझल. फोटो ब्लॅक (चकचकीत कागदाची काळी शाई) आणि मॅट ब्लॅक एकच वाट वापरतात आणि मध्ये एक झडप कुठली शाई पुढे जाणार ते ठरवते. एरवी ही अदलाबदल शाई खाते म्हणून आपण टाळतो. इथे मात्र तीच तपासणीचं हत्यार आहे. पुढे सांगतो तशी कॅप साफ झाली की एकदा फोटो ब्लॅकवर जा आणि नोझल चेक काढा. फोटो ब्लॅकमध्ये तीच नोझल गायब असतील, तर अडचण हेडमध्ये किंवा हेडच्या खाली आहे. फोटो ब्लॅकची चाचणीतली जाळी पूर्ण आली, तर हेडची ती वाट ठणठणीत आहे आणि दोष मॅट ब्लॅकच्या मागच्या मार्गात आहे: कार्ट्रिज, नळी किंवा झडप. चार महिने उभं राहिलेलं कार्ट्रिज बाहेर काढून हळूहळू आडवं-उभं हलवून परत लावणं, हा यातला पहिला फुकटचा उपाय. काही मिलीलिटर शाईच्या बदल्यात एवढी खात्रीची माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

कॅप साफ करायची पद्धत सांगतो. मशीन सुरू करा, हेड उजव्या कोपऱ्यातून हललं की मागचा प्लग काढा. आता हेड हाताने अलगद डावीकडे सरकतं. हे करताना मागे लावलेली पारदर्शक पट्टी, जिच्यावर बारीक रेघा असतात, तिला बोट लागू देऊ नका. तेलकट बोटाचा एक ठसा पडला तरी हेड आपली जागा चुकतं. उजव्या कोपऱ्यात टॉर्च मारा. कॅप थोडी कव्हरखाली दडलेली असते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या स्वॅबने रबराची कड चारही बाजूंनी पुसा, खपली आपोआप सुटेपर्यंत, नखाने खरवडून नाही. शेजारी हेड पुसणारी रबरी पट्टी (वायपर) असते, तीही पुसा. मग ड्रॉपरने कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरा, काठापर्यंत, सांडेल इतकं नाही. हेड परत जागेवर आणून रात्रभर राहू द्या.

सकाळी मशीन सुरू करा. ते स्वतःची सुरुवातीची हालचाल करतं, त्यात पंपही फिरतो. तो फिरून थांबला की पुन्हा तसंच प्लग काढून कॅपमध्ये बघा. पाणी ओढलं गेलं असेल तर पंप आणि नळी चालू आहेत. पाणी तसंच साचलेलं असेल तर पंप किंवा त्याची नळी बसलीय, आणि मग जगातलं कुठलंही नवं हेड या मशीनमध्ये टिकणार नाही. इथे घरच्या काच पुसायच्या निळ्या पाण्याचा प्रयोग करू नका, आणि सिरिंजने जोर लावून हेडमध्ये पाणी तर मुळीच मारू नका. नोझलची पातळ पत्री एकदा उचलली की ती परत बसत नाही. तसं उद्ध्वस्त केलेलं हेड मी स्वतः बघितलंय, आणि ते त्याआधी फक्त चोक झालेलं होतं.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक मोठं मशीन होतं. मे महिन्यातल्या एका रात्री अर्ध्या प्रिंटवर असताना लाइट गेली. हेड कागदाच्या मधोमध अडकलेलं होतं. लाइट येईल आणि ते आपोआप कॅपवर जाऊन बसेल, असं समजून मी घरी गेलो. पुढचे दोन दिवस सुट्टीचे होते. सोमवारी आलो तेव्हा हेड उघडंच होतं आणि चार रंग बंद. मेकॅनिकने हेड बदललं, मी पैसे मोजले, आठवडाभर प्रिंट सुंदर आल्या. तिसऱ्या आठवड्यात नवं हेडही तुटायला लागलं. तेव्हा दुसऱ्या एका जाणत्या माणसाने येऊन सगळ्यात आधी कॅप बघितली. तीही त्या दोन दिवसांत उघडी पडून वाळली होती, रबराला चीर गेलेली. कॅप काही शे रुपयांची होती. पहिल्या दुरुस्तीत ती कोणी बघितलीच नव्हती आणि मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येक मशीन यूपीएसवर असतं. इंकजेटला वीज फार लागत नाही, कॉम्प्युटरला लावतो तसला साधा यूपीएसही चालू असलेली शीट पूर्ण करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ देतो. मशीन नेहमी त्याच्या बटणाने बंद करायचं, भिंतीवरच्या स्विचने नाही, म्हणजे हेड कॅपवर जाऊन बसतं.

हेड खरंच जातं का? जातं. कॅप आणि पंप नीट असूनही त्याच जागचे तेच गॅप राहत असतील, रात्रभर भिजवूनही एकही नोझल उघडत नसेल, तर ते नोझल मेलंय असं मी धरतो. विजेचा झटका बसल्यानंतर एकदम दोन-तीन रंग पूर्ण गायब झाले किंवा एखादा रंग सगळीकडे भरभरून सांडायला लागला, तर ते चोक होणं नव्हे, तो विजेचा दोष असतो. अशा वेळी हेडबरोबर बोर्डही जळालेला असू शकतो. जळालेल्या बोर्डावर नवं हेड लावलं की तेही जळतं. म्हणून हेड बदलायची वेळ आलीच तर मेकॅनिकला विचारा: कॅप आणि पंप तपासले का, बोर्डावरचे फ्यूज तपासले का, हेड सीलबंद आहे की दुसऱ्या मशीनमधून काढलेलं, आणि पैसे पूर्ण पानाची एक प्रिंट नीट आल्यावर घेणार का? चांगला माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरं वाटतं की समोरच्याला काही कळतं.

आता पैसे. ३८८० बाजारात आलं २००९ मध्ये, आणि २०१५ मध्ये कंपनीने त्याची जागा पी ८०० ला दिली. म्हणजे तुमचं मशीन बंद झालेल्या मालिकेतलं आहे. हेड मिळालं तरी त्याच्या भोवतीचा पंप, कागद ओढणारे रोलर, पट्टे, नळ्या, सगळं त्याच वयाचं राहणार. अशा मशीनवर नव्याच्या ४० टक्के खर्च, तोही गॅरंटीशिवाय, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी माझ्याकडे असं धरतो: दहा वर्षांवरच्या मशीनला कॅप, वायपर, डॅम्पर (हेडला शाई पुरवणारा छोटा कप्पा), पंप यांच्यावर खर्च करायला मी मागेपुढे पाहत नाही, कारण त्या झिजणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यावरचा खर्च परत मिळतो. हेड किंवा बोर्ड मात्र बदलत नाही. ही सीमा माझी आहे. ज्याला गोदामात पडलेलं सीलबंद हेड स्वस्तात मिळालं आणि लावणारा माणूस घरचाच आहे, त्याने वेगळा निर्णय घेतला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

नवं घ्यायचा हिशोब मांडताना किमतीच्या पाटीवर थांबू नका. तुमच्याकडे पडून असलेली कार्ट्रिज नव्या मशीनला चालणार नाहीत. नऊ कार्ट्रिज गुणिले ८० मिलीलिटर म्हणजे भरलेला संच ७२० मिलीलिटरचा. त्यातली किती शिल्लक आहे ते बघा, कारण ते पैसे तुम्ही आधीच दिलेत. नव्या मशीनबरोबर आलेल्या शाईतला मोठा हिस्सा पहिल्याच दिवशी नळ्या आणि हेड भरण्यात जातो. प्रत्येक कागदासाठी नवं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग बरोबर उतरवणारी फाइल, लागेल आणि ते बसवायला कागदाच्या दहा-पंधरा शीट खर्ची पडतील. दुसऱ्या बाजूला जुन्याचाही एक न दिसणारा खर्च आहे: त्याची शाई तुमच्या शहरात पुढची दोन वर्षं मिळणार आहे का, आणि तुमच्या कॉम्प्युटरची पुढची आवृत्ती त्याचा ड्रायव्हर चालवेल का. या दोन प्रश्नांना ‘नाही’ उत्तर आलं तर मशीन कितीही ठणठणीत असो, त्याचे दिवस मोजलेले आहेत.

दुसरा प्रश्न किती छापता याचा. तो तुम्हाला आवडणार नाही, तरी विचारतो. चार महिने मशीन बंद राहिलं याला आजारपणाचं कारण होतं, ते मी समजू शकतो. पण एरवीच्या वर्षात तुम्ही दर आठवड्याला काहीतरी छापता का? रंगकणांच्या शाईचं मशीन चालतं राहिलं तरच टिकतं. आठवड्याला आठही रंग असलेलं एक छोटं पान निघालं तरी पुरतं. नाशिकचा मे कोरडा, आणि मग पावसाळ्यात कागद ओला होऊन कडा वळतात, हेडला घासतात. मशीनच्या खोलीत एक साधा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. उन्हाळ्यात मी मशीनवर कापडी आच्छादन टाकतो आणि आत एका वाटीत ओला स्पंज ठेवतो. ही निगा तुमच्या दिनक्रमात बसत नसेल, वर्षाला तीस-चाळीसच प्रिंट निघत असतील, तर नवं मशीनही पुढच्या ऑक्टोबरमध्ये याच अवस्थेत असेल. तसं असेल तर स्वतःचं मशीन न घेता पुण्या-मुंबईच्या एखाद्या चांगल्या प्रिंट स्टुडिओकडे शेजारी बसून प्रिंट काढून घेणं जास्त शहाणपणाचं. माझा धंदा हाच असल्यामुळे मी हे सांगतोय असं वाटू शकतं, म्हणून हेही सांगतो: ज्याचा हात रोज मशीनवर आहे त्याला मी नेहमी स्वतःचं घ्या म्हणतो, कारण कागदावर पाच चाचण्या करून सावलीतला तपशील बाहेर काढण्याचं समाधान दुसऱ्याच्या मशीनवर मिळत नाही.

घ्यायचंच ठरलं तर १७ इंच रुंद कागद घेणाऱ्या मशीनमध्ये आज दोन मुख्य रस्ते आहेत. एप्सनचं पी ९०० घराणं: दहा शाया, ५० मिलीलिटरची कार्ट्रिज, दोन्ही काळ्या शायांना आपापली स्वतंत्र वाट, त्यामुळे अदलाबदलीची कटकट संपली. दुसरा कॅननचा प्रो १००० आणि त्यानंतर आलेला प्रो ११००: बारा टाक्या, ८० मिलीलिटरच्या, आणि हेड वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतं. फरक हेडच्या जातीत आहे. एप्सनचं हेड दाबावर चालतं आणि मशीनच्या आयुष्याइतकं टिकावं अशा बेताने बनवलेलं असतं, पण गेलं की मेकॅनिक लागतो. कॅननचं हेड उष्णतेवर चालतं, ते झिजणारच असं धरलेलं आहे, म्हणून बदलायची सोय दिलीय. एखादं नोझल बंद पडलं तर शेजारची नोझल त्याचं काम उचलतात. प्रिंटच्या दर्जात मला दोन्हींपैकी कुठल्याचंही वावडं नाही. तुमच्या शहरात कुठल्याचा माणूस दोन दिवसांत दारात येतो, हे विचारून घ्या. मी त्यावरच ठरवतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच लोक विसरतात. तुम्ही लिहिलंय की दोन चित्रांच्या प्रत्येकी दहाच प्रिंट काढायच्या असं ठरवलेल्या आवृत्तीतल्या चार-चार प्रिंट विकल्या गेल्यात. उरलेल्या सहा नव्या मशीनवर काढल्या तर त्या हुबेहूब तशा येणार नाहीत. शाईचा संच बदलला की काळ्याची खोली बदलते, जांभळा-निळा बदलतो आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांत करड्याची छटा सरकते. एकटी प्रिंट पाहिली तर कोणाच्या लक्षात येणार नाही. पण एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी अर्ध्या जुन्या आणि अर्ध्या नव्या लागल्या तर प्रदर्शनाला आलेला जाणता माणूस दारातूनच ओळखेल. ज्याने तुमच्याकडून आवृत्तीतली चौथी प्रिंट घेतलीय, त्याला, उरलेल्याही तशाच असतील, असा दिलेला तो शब्द आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. या आठवड्यात कॅप धुवायची, रात्रभर भिजवायची, पंप बघायचा, मग फोटो ब्लॅकची चाचणी. त्याने उघडत नसेल तर कॅप, वायपर आणि गरज पडली तर डॅम्पर बदलायला सांगायचं, हेड नाही. मशीन जागं झालं की सगळ्यात आधी त्या दोन आवृत्त्यांच्या उरलेल्या प्रिंट काढायच्या, ज्या कागदावर पहिल्या काढल्या त्याच कागदावर, आणि विकली न गेलेली जुनी प्रिंट दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून. त्यानंतर प्रदर्शनाच्या ३० प्रिंट, एकाच मशीनवर, एकाच खेपेत. दोन आठवड्यांत मशीन जागं झालं नाही, तर नव्याची घाई न करता सगळ्या ३० स्टुडिओत काढा, आणि त्यांना तुमची जुनी प्रिंट नमुना म्हणून द्या. नव्या मशीनचं प्रदर्शन संपल्यावर, फेब्रुवारीत, शांत डोक्याने बघा.

कॅप धुतल्यावर निघणाऱ्या पहिल्या नोझल चेकवर तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी क्लीनिंग न करता परत काढा आणि पहिल्याच्या शेजारी ठेवा. गॅप त्याच जागी आहेत की सरकलेत, एवढं मला कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.